मागे तोंड करून बसलेला माणूस

चौकातल्या फ्लेक्सवर एकूण एकेचाळीस चेहरे होते. इराने दोनदा मोजले, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि दोन्ही वेळा एकेचाळीसच आले. त्यांपैकी चाळीस जिवंत होते. सव्वीस जणांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. सहा जण मोबाइल कानाला लावून कुठेतरी लांब, बहुधा विकासाकडे, पाहत होते. खाली एका पैठणीच्या दुकानाची, एका क्लासची आणि एका द्राक्षनिर्यातदाराची जाहिरात होती. एकेचाळिसावा चेहरा उजव्या कोपऱ्यात, पैठणीच्या पदराला चिकटून, पुरणपोळीएवढा होता. तो अच्युत गर्गे यांचा. एक्क्याऐंशी वर्षांपूर्वी ब्रह्मदेशाच्या सीमेवर बॉम्बफेकी विमानात बसलेले असताना ते मारले गेले होते, आणि चौकाला त्यांचं नाव दिलं जाणार होतं.

चेहराही पुरता त्यांचा नव्हता. घरात त्यांचा एकच फोटो होता, सतरा जणांच्या ग्रुपमधला, चेहरा नखाएवढा. कमिटीने तो कुठल्याशा अ‍ॅपमधून मोठा करून घेतला आणि अ‍ॅपने आपल्या पदरची मिशी घातली. पाठीमागे एक जेट विमानही उडवलं. अच्युत गर्गे गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. तेव्हा त्यांना मिशी नव्हती आणि हिंदुस्थानात जेट नव्हतं.

वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘शहीद वैमानिक अच्युत गर्गे चौक, लोकार्पण सोहळा’.

इरा त्यांची नात लागत होती, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची नात. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती नाशिकबाहेरच्या एका लहान प्रयोगशाळेत लागली होती. कारखान्यांतले काटे, गेज, थर्मामीटर तिथे तपासणीला येत. दुसऱ्यांनी मोजलेलं बरोबर आहे का ते मोजायचं, अशी तिची नोकरी होती. अशा नोकरीने माणसाला शत्रू फार होतात. इराला पहिला शत्रू त्याच सकाळी, फ्लेक्सच्या खाली मिळाला.

“नाना, ते वैमानिक नव्हते,” ती म्हणाली. “गनर होते. विमान दुसरा माणूस चालवायचा.”

नाना कॉलनीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, आवाज चाळिशीचा. ओझरच्या विमान कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. तिथे ते स्टोअरमध्ये होते, नटबोल्ट आणि रबरी वॉशर यांच्या खात्यात, पण कॉलनीत विमान या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. डोक्यावरून विमान गेलं की मॉर्निंग वॉकचा सगळा घोळका थांबून आधी नानांकडे बघायचा.

“बेटा, विमानात बसतो तो वैमानिक,” नाना म्हणाले. “गनर म्हटलं की लोकांना वाटतं लग्नात फटाके उडवायचा.”

“मग मागच्या महिन्यात तुम्ही दिल्लीला विमानाने गेलात. तुम्हीही वैमानिक?”

“ही अशी हुशारी,” नाना शेजारच्या माणसाला म्हणाले, “आमच्या वेळी थोबाडीत खायची.”

चौकाला हे नाव मिळालं कसं, तेही सांगायला हवं. चौकासाठी दोन नावं आधीपासून भांडत होती. एक एका बिल्डरच्या वडिलांचं, दुसरं दुसऱ्या बिल्डरच्या वडिलांचं. दोन्ही वडील हयात होते आणि दोघेही वाट पाहत होते. भांडण इतकं पेटलं की कॉलनीत दोन गणपती बसायची पाळी आली. तेव्हा नानांना आठवलं की दुसऱ्या मजल्यावरच्या अनसूयाबाईंचा भाऊ लढाईत गेला होता. कोणत्या लढाईत ते विचारून घेतलं. इंग्रजांच्या राज्यातली निघाली, म्हणजे आजच्या कुठल्याही पक्षाचा संबंध नाही. माणसाला बायको नाही, मुलं नाहीत, इस्टेट नाही. एक्क्याऐंशी वर्षांत त्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. इतका कुणाचीच गैरसोय न करणारा माणूस कॉलनीत दुसरा सापडणं शक्य नव्हतं. दोन्ही बिल्डरांनी वर्गणी दिली.

स्मारक म्हणजे खांबावर विमान आणि विमानात अच्युत गर्गे. त्याचं चित्र घेऊन नाना त्याच दिवशी अनसूयाआजींकडे आले. बरोबर त्यांच्या पत्नी मीनाकाकू होत्या. त्या कुठेही गेल्या तरी आधी बसायची जागा झटकून घेत.

अनसूयाआजी ब्याण्णव वर्षांच्या होत्या. कान शाबूत, दात नाहीत, डोळे दुपारपर्यंत. गॅलरीतल्या खुर्चीत त्या दिवसभर बसत. समोर चौक होता, आणि रिक्षावाला कुठल्या गिऱ्हाइकाला किती फिरवून आणतो याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. नानांनी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. आजींनी भिंग घेतलं. ते चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवलं आणि परत आणलं. मीनाकाकूंना वाटलं, त्यांना भरून आलं. त्यांनी पर्समधून रुमाल काढून ठेवला.

“नाना,” आजी म्हणाल्या, “हा पुढे तोंड करून का बसलाय?”

“म्हणजे?”

“अच्युतदादा मागे तोंड करून बसायचा.”

नाना हसले. “मावशी, विमान आहे ते. बस नव्हे की उलट्या सीट असतील.”

“मला नको सांगूस. शेवटच्या रजेत आला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, तुला विमानात बसून उलटी नाही का होत? मला टांग्यात मागे बसलं की व्हायची. तर म्हणाला, अगं अनू, टांग्याची मागची सीटच आहे ती. फक्त आमचा टांगा उडतो. चालवणारा पुढे बघतो, मी त्याच्या पाठीला पाठ लावून मागे बघतो. मागून कोण येतंय ते बघायचं आणि बंदूक चालवायची. तेवढंच माझं काम.”

इरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती, आणि पुढचीही. जाताना अच्युत टांग्यातच बसून गेला, पंचवटीतून नाशिकरोड स्टेशनला. आई घरात तोंड झाकून बसली होती. दहा वर्षांची अनसूया टांग्यामागे व्हिक्टोरिया पुलापर्यंत पळत गेली. अच्युत मागच्या सीटवर होता, म्हणून टांगा पुढे जात राहिला तरी त्याचं तोंड तिच्याकडेच होतं. सबंध पूल ओलांडून टांगा गर्दीत शिरेपर्यंत. पुढच्या सीटवर बसला असता तर तिला नुसती पाठ दिसली असती.

आजींनी आज ती गोष्ट सांगितली नाही. त्या म्हणाल्या, “तार आली तेव्हा घरात मयत नव्हतं. रामकुंडावर लोकांची श्राद्धं सांगणारे आमचे वडील, त्यांनी स्वतःच्या मुलाचा दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. मी ओटीवरून बघत होते. त्याला हात होते, पाय होते, पण तोंड नव्हतं. दर्भाला कुठलं तोंड? आता तुम्ही त्याला तोंड करताय ना, मग ते नीट दिशेला करा.”

नाना गंभीर झाले. “मावशी, भावना समजतात. पण लोक काय म्हणतील? विमान चाललंय पुढे आणि आमचा हुतात्मा बघतोय मागे. पळून चालला म्हणतील.”

“पळणारा पुढे बघतो रे,” आजी म्हणाल्या. “मागे बघत पळलं तर आपटतो माणूस.”

मीनाकाकूंनी रुमाल परत पर्समध्ये ठेवला.

“तो पुढे बघणार असेल,” आजी भिंग मिटत म्हणाल्या, “तर मी येणार नाही. तुमचं तुम्ही उघडा.”

हे मात्र नानांना परवडणारं नव्हतं. पत्रिकेत ‘वीरभगिनी श्रीमती अनसूयाबाई यांच्या विशेष उपस्थितीत’ असं छापून झालं होतं. जिना उतरताना ते मीनाकाकूंना म्हणाले, “वेळ आलीच तर तू बसशील का वीरभगिनी म्हणून?”

“मी?” मीनाकाकू म्हणाल्या. “मला ब्याण्णवची समजतील लोक!”

समितीची बैठक रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये झाली. इराने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. पुढच्या खुर्चीत बाबांना बसवलं आणि मागच्या खुर्चीत स्वतः बसली. तिचे बाबा विश्वेश बँकेतून नुकतेच निवृत्त झाले होते. कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना हसून मान डोलावण्याची सवय त्यांना बँकेने लावली होती.

“हे विमान व्हेंजन्स नावाचं होतं,” इरा म्हणाली. “माणसं दोन. बाबा पायलट. मी गनर. आता शत्रूचं विमान मागून आलं. बाबा, तुम्हाला दिसलं?”

“नाही,” विश्वेश म्हणाले, आणि नानांकडे बघून हसले.

“मला दिसलं. मी मागे बघत नसते तर दोघेही मेलो असतो.”

“पण मेलेच ना दोघं?” मागून कुणीतरी म्हणालं.

हॉलमध्ये थोडं हसू झालं आणि लगेच सगळ्यांनी आपण हसलो नाही असे चेहरे केले.

“हो. पायलटही गेला. पंजाबातला होता,” इरा म्हणाली. “त्याचा पुतळा कुठे बसवणार?”

नानांनी घसा साफ केला. “त्याचा आपल्या कॉलनीशी संबंध नाही. बजेट एका पुतळ्याचं आहे. पुढच्या सीटवर काळी काच लावू. आतलं दिसणार नाही.”

“आणि आत कुणी नसणार.”

“दिसणारच नाही म्हटल्यावर असला काय आणि नसला काय?”

मग मयूर उठला. मयूर वास्तुसल्लागार होता. कॉलनीतली सात स्वयंपाकघरं आणि एक घटस्फोट त्याने मार्गी लावला होता. त्याने मोबाइल आडवा धरून हॉलमध्ये एक चक्कर मारली.

“विमानाचं नाक ईशान्येला. त्यात तडजोड नाही. ईशान्य म्हणजे देवाची दिशा,” तो म्हणाला. “आता ताई म्हणतात तसा हुतात्मा उलटा बसवला, तर त्याचं तोंड नैऋत्येला. नैऋत्य कोणाची? राक्षसाची. आपला माणूस चोवीस तास राक्षसाच्या तोंडाकडे बघत बसणार. चालेल का सभेला?”

“त्यांची नोकरीच ती होती,” इरा म्हणाली.

“ताई, तुमचं सायन्स तुमच्या जागी. पण चौकातून आपली पोरं शाळेत जातात.”

यावर उत्तर देण्यासाठी इराने दोन क्षण विचार केला आणि तेवढ्यात मतदान उरकलं. समितीच्या बाराही सदस्यांनी हात वर केले. हुतात्म्याने पुढे पाहावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ज्याच्याबद्दल ठराव होता तो आणि जिचा तो भाऊ होता ती, असे दोघेच गैरहजर होते. विश्वेश सदस्य नव्हते, तरी त्यांचाही हात अर्धा वर गेला होता. इराने तो खाली ओढला.

घरी आल्यावर आजींनी विचारलं, “काय ठरलं?”

“पुढे बघणार.”

“बरं.” आजी चौकाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “दार लावून घे त्या दिवशी. लाउडस्पीकरचा आवाज येईल.”

इराला तो ‘बरं’ जास्त लागला. आजीला त्या पुतळ्याचं तोंड नीट दिशेला झालेलं एकदा बघायचं होतं, एवढीच तिची मागणी होती, आणि ब्याण्णवाव्या वर्षी ‘पुढच्या वेळी’ म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती ललितच्या कारखान्यात गेली. अंबडच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड होती. ललित द्राक्षबागेत फवारणीसाठी लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या बनवायचा आणि सीझनला गणपतीच्या देखाव्यांची फायबरची माणसं. विमान तयार होतं. धड दोन फवारणीच्या टाक्या जोडून केलं होतं, आणि एका टाकीवर ‘क्षमता ६०० लिटर’ ही अक्षरं घासूनही पुसट दिसत होती. शेपटीवर मात्र जेटचा धूर निघतो तसला एक पाइप होता.

“हा कशाला?” इराने विचारलं.

“नानासाहेब म्हणले, पाहिजे. ते ओझरचे हायत ना, त्यांना माहीत.”

हुतात्मा शेडच्या कोपऱ्यात एका टायरवर बसला होता. रंग खाकी, मिशी काळीभोर. दोन्ही हात समोर धरलेले, मुठी वळलेल्या, मधे काहीच नाही. मान जराशी डावीकडे वळलेली.

“हे हात असे का?”

ललितने इकडेतिकडे पाहिलं. “ताई, खरं सांगू का? साचा नवीन केला तर लय खर्च. पिंपळगावच्या ट्रॅक्टर शोरूमसाठी आपण ड्रायव्हर केला होता. त्याचाच साचा हाय. फेटा काढला, हेल्मेट घातलं. स्टीअरिंग तेवढं शोरूमवाल्यानं ठिवून घेतलं.”

“आणि मान?”

“नांगर नीट लागतोय का, बघायला वळवली होती. नानासाहेब म्हणले, सरळ कर. म्हणलं, एकसंध कास्टिंग हाय, वळवायला गेलो तर तडकंल. मग म्हणले, राहू दे, रुबाबदार दिसतंय.”

“सीट फिरवता येईल? मागे तोंड करून?”

“येतंय की. चार बोल्ट. अर्ध्या तासाचं काम.” ललितने हात पुसले. “पण कमिटीचा ठराव आणा. नायतर माझं बिल अडकवतील. तुमच्या आजोबांचं तोंड फिरवीन, पण मग माझं मलाच फिरवावं लागंल.”

इरा ठरावासाठी पंधरा दिवस फिरली. जुन्या विमानाची छायाचित्रं दाखवली. नाना म्हणाले, ती परदेशातली आहेत. हवाई दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला फोन लावून दिला. नानांनी त्यांच्याशी अर्धा तास पेन्शनवर गप्पा मारल्या. आणखी एकदा खुर्च्या मांडल्या, तेव्हा त्यांच्यावर दोन आजोबा पाठीला पाठ लावून बसले आणि चहा मागवला. मधल्या काळात विमान खांबावर चढलं. खांबाभोवती काँक्रीट ओतलं गेलं, मयूरने स्वतः उभं राहून नाक ईशान्येला लावून घेतलं आणि नारळ फोडला. विमानावर पांढरं कापड गुंडाळलं.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मांडववाले आले. स्टेजची जागा पांढऱ्या फक्कीने आखत होते. इरा दूध घेऊन परतत होती. कोपऱ्यावर ती थांबली आणि पिशवी हातात तशीच धरून त्या आखणीकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण पंधरा दिवस चुकीचं काहीतरी मोजत होतो.

“नाना, स्टेज इकडे?”

“मग कुठे? तिकडे ईशान्येला रस्ता खोदलाय. जूनपासून खड्डा आहे. पाहुण्यांना खड्ड्यात बसवू?”

“नाही, नाही. इकडेच बरोबर आहे,” इरा म्हणाली. तिने मांडववाल्याला कापड जरा वर करायला लावलं, फक्कीच्या चौकोनात जाऊन उभी राहिली, मोबाइल उंच धरला आणि एक फोटो काढला. तो नानांना दाखवला.

“हे काय आहे?” नानांनी चष्मा वर केला.

“उद्याचा फोटो. इथे पाहुणे हार घालून घेतील, आणि त्यांच्या मागे हे दिसेल.”

फोटोत विमानाची शेपटी होती. तिच्यातून धुराचा पाइप निघाला होता, आणि पाइपच्या वर हुतात्म्याचं डोकं होतं, मागून. हेल्मेटच्या खाली ललितच्या माणसाकडून रंग मारायचा राहिलेला मानेचा एक गुलाबी पट्टा.

नानांनी फोटो मोठा केला. परत लहान केला.

“सगळ्या फोटोंत पाठच येणार?”

“सगळ्या. पेपरलाही.”

नानांनी मयूरला फोन केला. मयूर पायजम्यातच आला.

“विमान फिरवू,” नाना म्हणाले.

“काँक्रीट आहे,” इरा म्हणाली.

“आणि नाक नैऋत्येला गेलं तर मी जबाबदार नाही,” मयूर म्हणाला. “नाक राक्षसाकडे! कॉलनीत कॅन्सर निघतील.”

“स्टेज फिरवू.”

“खड्डा.”

“पाहुण्यांना तारीख पुढे...”

“त्यांनी एक तास दिलाय,” नाना स्वतःच म्हणाले, “आणि तोही दुसऱ्याचा कापून.” मग ते कठड्यावर बसले. इतक्या जवळून त्यांना इराने कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची चिंता होती. आयुष्यभर स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाला चुकीच्या बाजूने लावलेला माल बघवत नाही.

इरा गप्प राहिली. पंधरा दिवस बोलून जे झालं नव्हतं ते गप्प राहून होतं का, हे तिला पाहायचं होतं. नानांनी ललितला फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, “साहेब, चार बोल्ट. अर्धा तास.”

नाना उठले. कपडे झटकले. आवाज पुन्हा चाळिशीचा झाला.

“नाहीतरी,” ते मयूरला म्हणाले, “ऐतिहासिकदृष्ट्या गनर मागेच तोंड करून बसतो. व्हेंजन्समध्ये तसंच असायचं. पायलटच्या पाठीला पाठ. आम्ही ओझरला हे सगळं जवळून पाहिलंय.”

“आणि पितरांनी नैऋत्येला पाहणं शास्त्रातच आहे,” मयूर म्हणाला. “मी म्हणणारच होतो.”

तिसऱ्या प्रहरी ललित आला आणि त्याने चार बोल्ट काढून चार बोल्ट लावले. नवीन ठरावाची गरज कुणालाच भासली नाही. जुना ठराव तसाच राहिला.

आजी सोहळ्याला गेल्या. नऊवारी नेसल्या आणि विश्वेश व इरा यांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना स्टेजवर चढवलं. पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले आणि बावीस मिनिटं बोलले. अच्युत गर्गे यांनी जेट विमानातून शत्रूची दाणादाण उडवली, त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही, असं ते म्हणाले. तेवढ्यात कापड ओढलं गेलं, आणि हुतात्मा मागे वळून बघत असलेला सगळ्यांना दिसला. टाळ्या वाजल्या. पुढच्या सीटच्या काळ्या काचेत सगळा मांडव दिसत होता.

आजींनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. वर बघत म्हणाल्या, “मान वाकडी आहे रे.”

“मावशी, तो साचा...” नाना पुटपुटले.

“हातांत काय आहे त्याच्या?”

“बंदूक असते ना, ती... उद्या बसवतो.”

 निघायची वेळ झाल्यावर आजींनी विश्वेशचा हात झटकला आणि आणखी थोडा वेळ बसल्या. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, खुर्च्यांच्या चळती लागल्या, तेव्हा उठल्या.

फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आले. नाना पेपर घेऊन वर आले ते घुश्श्यातच. “बघा! एवढं सगळं केलं, आणि त्याचं तोंड स्टेजकडे नाहीच! पाहुण्यांच्या डोक्यावरून भलतीकडेच बघतोय. त्या ट्रॅक्टरच्या मानेने घात केला.”

“कुठे बघतोय मग?” आजींनी विचारलं.

“देव जाणे. तुमच्या बिल्डिंगकडे कुठेतरी.”

नाना गेल्यावर आजी बराच वेळ गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. दुपार टळली होती. या वेळी त्यांना चौकातला खांब दिसायचा, पण खांबावरचं तोंड दिसायचं नाही.

“इरा.”

“काय गं?”

“इकडे बघतोय का तो? या खुर्चीकडे?” आणि इरा तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “माझं मन राखायला हो म्हणू नकोस. तुझ्या बापासारखं. मोजून सांग.”

मोबाइलचा कंपास चालणार नव्हता. एवढ्या लोखंडाजवळ तो काहीही दाखवतो, आणि मयूरचा ईशान्य नेमका कुठला होता याबद्दल इराला आधीपासूनच शंका होती. कॉलेजातला मित्र अमित रस्त्यांच्या सर्वेक्षणावर होता. त्याच्याकडून तिने कोन मोजायची दुर्बीण आणली. आधी प्रयोगशाळेत नेऊन ती दुर्बीणच तपासली. शनिवारी सकाळी मांडववाल्याची शिडी मागून घेतली आणि हुतात्म्याच्या टाळूच्या मध्यावरून एक आणि नाकाच्या शेंड्यावरून एक असे दोन ओळंबे सोडले, म्हणजे तोंडाची रेघ जमिनीवर उतरली. दुसरी रेघ विमानाच्या शेपटीची, सरळ मागे. तिसरी गॅलरीपर्यंत. शाळेत जाणारी पोरं थांबून बघत होती. नाना खालून ओरडले, “आता आणखी काय फिरवतेस गं?”

“काही नाही नाना. मोजतेय.”

वर गॅलरीत आजी खुर्चीत बसून होत्या. त्यांनी नेमकं कुठे बसायचं हे इराने खुर्चीच्या पायांशी खडूने आखून दिलं होतं, आणि त्या हलल्या नाहीत.

इराने प्रत्येक कोन पाच वेळा मोजला आणि सरासरी काढली. शेपटीच्या रेघेपासून तोंडाची रेघ डावीकडे अकरा अंश. शेपटीच्या रेघेपासून खुर्ची डावीकडे साडेअकरा अंश. फरक अर्धा अंश. इराने वर जाऊन सांगितलं, “अर्धा अंश, म्हणजे इथे वीतभर,” आणि आजींनी खुर्ची तेवढी सरकवून घेतली.